बँकेच्या लिलावात घेतलेलं धायरीतलं घर

२०१९ च्या पावसाळ्यात आम्ही घर बघायला लागलो तेव्हा पुण्यात विकणारे उदंड आणि घेणारे हात राखून, अशी परिस्थिती होती. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासून बिल्डरांवर नियंत्रण आणणारा रेरा कायदा, लगेच जुलैत जीएसटी, आणि २०१८ मध्ये आयएलअँडएफएस या मोठ्या वित्तसंस्थेचे हप्ते थकल्यावर गृहवित्त कंपन्यांनी आखडता घेतलेला हात. सिंहगड रोड, आंबेगाव, उंड्री, पिसोळी, कुठेही जा, नव्या इमारतींवर फलक असायचेच: स्टँप ड्यूटी आमची, मॉड्युलर किचन मोफत, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही. रिसेलचे फ्लॅट तर वर्ष-वर्ष पडून होते. तरीसुद्धा आमच्या आवाक्यातलं टू बीएचके काही मिळेना. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, हे शिरवळला कंपनीत. धनकवडीत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. आणखी उशीर केला तर वीस वर्षांचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे जाणार, एवढं गणित स्पष्ट दिसत होतं.

पेपरात मागच्या पानांवर बारीक टायपात बँकांच्या सूचना येतात. ताबा सूचना, ई-लिलाव विक्री सूचना. एक इंग्रजी पेपर आणि एक स्थानिक भाषेतला, अशा दोन ठिकाणी त्या छापाव्याच लागतात. त्यातला मजकूर नेटानं वाचला तर बरंच काही कळतं: कर्जदार, हमीदार, मागणी नोटिशीची तारीख, थकलेली रक्कम, मौजे अमुक, तालुका हवेली, चतुःसीमा, राखीव किंमत, इसारा अनामत, आणि ताब्याचा प्रकार. शेवटी एक ओळ ठरलेली: मालमत्ता ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विकली जाईल. या ओळीचा अर्थ आम्हाला पुढे सहा-सात महिने कळत राहिला.

मंदीत अशा जाहिराती का वाढतात हे समजून घेतल्यावर मला पुढच्या सगळ्या प्रकाराकडे नीट बघता आलं. भाव चढते असले की हप्ते थकलेला माणूस स्वतःच गिऱ्हाईक शोधतो, घर विकतो, बँकेचे पैसे फेडतो आणि चार पैसे हातात घेऊन बाहेर पडतो. बाजार बसलेला असला की गिऱ्हाईक मिळत नाही, मिळालं तर कर्ज फिटेल एवढीही किंमत देत नाही, आणि तोवर व्याज चढत जातं. नव्वद दिवस हप्ता नाही म्हणजे खातं अनुत्पादित. मग थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस, ती मुदत संपली की कलम १३(४) खाली ताबा. यात बँकेला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागत नाही. कर्जदाराला हरकत असेल तर त्यानं पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे जायचं.

आम्ही आधी नऱ्ह्यातला एक फ्लॅट जवळजवळ पक्का केला होता. राखीव किंमत मोहात पाडणारी. शिवाजीनगर कोर्टात काम करणाऱ्या एक वकील मॅडम आम्हाला ओळखीतून भेटल्या, त्यांनी जाहिरात हातात घेतली आणि ‘सांकेतिक ताबा’ या दोन शब्दांखाली पेनानं रेघ मारली. म्हणाल्या, “याचा अर्थ बँकेनं दारावर नोटीस लावली आहे, आणि आत माणसं राहतायत.” खरोखरच आत कर्जदाराचे वयस्कर आईवडील राहत होते. प्रत्यक्ष ताबा हवा तर बँकेनं कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यावर तीस दिवसांत, कारण नोंदवून फार तर साठ दिवसांत आदेश व्हायला हवा. मग तहसीलदार, मंडल अधिकारी, पोलीस बंदोबस्त, पंचनामा. आदेश आणि बंदोबस्त मिळेपर्यंत तुमचे पैसे गुंतलेले. आणि त्या दिवशी दारात उभं राहून सत्तरीतल्या दोघांना बाहेर काढताना बघायचं. ह्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, “हे आपल्याच्यानं होणार नाही.” तेव्हापासून आम्ही फक्त ‘प्रत्यक्ष ताबा’ लिहिलेल्याच जाहिराती बघितल्या. किंमत लाख-दोन लाखांनी जास्त असते, पण ती द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

धायरीतला फ्लॅट असा मिळाला. दुसरा मजला, टू बीएचके, राष्ट्रीयीकृत बँकेचा. पहिल्या लिलावात एकही बोली आली नव्हती, म्हणून राखीव किंमत उतरवून ३२ लाख ४० हजार केली होती. फेरलिलावाला तीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांची सूचना पुरते, त्यामुळे हातात वेळ थोडा होता.

पाहणीच्या दिवशी बँकेचे प्राधिकृत अधिकारी आणि एक शिपाई आले होते. ते दार मला अजून तंतोतंत आठवतं. कुलपाला कापड गुंडाळून लाखेचं सील केलेलं. वर दाराच्या फळीवर कागदच कागद चिकटवलेले, एकावर एक. सगळ्यात खाली मागणी नोटीस, उन्हानं पिवळी पडून अर्धी फाटलेली. तिच्यावर ताबा सूचना. बाजूला सोसायटीची थकबाकीची नोटीस, हातानं लिहिलेली. त्याच्या खाली महावितरणची वीज तोडल्याची चिठ्ठी, तिचा चिकटपट्टीचा कोपरा सुटून वाऱ्यानं फडफडत होता. सगळ्यात वर आमच्या लिलावाची नवी कोरी सूचना. दोन-अडीच वर्षांत त्या घरात काय काय घडलं ते तारखांनिशी त्या फळीवर लिहिलेलं होतं. मी मोबाइलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढला. पुढे वकील मॅडमना त्यातल्या दोन तारखा फार उपयोगी पडल्या, कारण नोटीस आणि ताबा यांत कायद्यानं ठरलेलं अंतर पाळलंय की नाही हे त्यावरून पडताळता आलं. बँकेनं प्रक्रियेत चूक केली असेल तर डीआरटी लिलाव रद्द करू शकतं, आणि तेव्हा घेणाऱ्याचे पैसे अडकून बसतात.

आत वीज नव्हती. टॉर्चच्या उजेडात बघितलं. बाथरूमच्या छताला ओल, बेडरूमच्या दाराच्या चौकटीला वाळवी, सगळे नळ काढून नेलेले. किचन ओटा शाबूत. हॉलमध्ये कोपऱ्यात सामान रचून ठेवलेलं होतं. पंचनाम्याची प्रत अधिकाऱ्यांनी दाखवली: लाकडी देव्हारा रिकामा एक, पायाचं शिलाई मशीन एक, स्टीलचं पिंप एक, सतरंज्या, पुस्तकांचं खोकं. “हे त्यांना न्यायला सांगितलंय, आलेच नाहीत. तुम्ही घेतलंत घर तर तुम्हीच विल्हेवाट लावा,” असं ते म्हणाले. मी काही बोलले नाही, पण त्या मशीनवरून माझी नजर हटेना.

कागद तपासण्याचं काम मात्र आम्ही जीव ओतून केलं. वकील मॅडमनी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घेतला. जमिनीचा सातबारा, एनए म्हणजे बिगरशेती आदेश, बिल्डरनं मूळ मालकाशी केलेला विकसन करार, कर्जदाराचा बिल्डरशी झालेला नोंदणीकृत करारनामा, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू. इमारत २०१० च्या सुमाराची, म्हणजे धायरी ग्रामपंचायतीत असतानाची. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीसह अकरा गावं पुणे महापालिकेत आली. त्यामुळे बांधकाम परवानगी एका कार्यालयातली, भोगवटा पत्र दुसऱ्या फायलीत, मिळकत कराची नोंद तिसरीकडे, अशी शोधाशोध करावी लागली. याच फ्लॅटवर आणखी कुठल्या बँकेचा बोजा आहे का, हे सरसाईच्या केंद्रीय नोंदणीत पाहता येतं. थोडी फी भरावी लागते, आणि ती भरण्यात कुणी काटकसर करू नये. पुण्याच्या डीआरटीत या कर्जखात्यावर काही अर्ज प्रलंबित आहे का, तेही पाहिलं. नव्हता.

सोसायटीच्या ऑफिसात गेलो तेव्हा सेक्रेटरी काकांनी वही उघडून दाखवली. मेंटेनन्स जवळपास तीन वर्षांचा थकलेला, वर व्याज. तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणे व्याज सालीना एकवीस टक्क्यांपर्यंत लावता येत होतं आणि त्यांनी पुरेपूर लावलं होतं. मी विचारलं, हे बँक भरणार का? उत्तर जाहिरातीतच होतं: सर्व थकीत देणी खरेदीदारानं भरायची. मिळकत कर, महावितरणची बाकी, सगळं त्यात आलं. वीजमीटर तर कायमचा काढून नेलेला होता. महावितरणच्या भाषेत ‘पीडी’ ग्राहक. नवीन जोडणी हवी तर आधी जुनी बाकी भरा.

आणि घरात सासूबाईंनी वेगळाच प्रश्न काढला. “दुसऱ्याचं गेलेलं घर आपण घ्यायचं? तळतळाट लागतो बाई. दोन खोल्यांत राहू, पण असलं नको.” त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मलाही रात्र-रात्र तेच सलत होतं. म्हणून मी वकील मॅडमना सरळ विचारलं की आमचे पैसे जातात कुठे. त्यांनी कलम १३(७) समजावलं. विक्रीतून आलेल्या रकमेतून आधी कारवाईचा खर्च, मग बँकेचं येणं, आणि उरलं तर ते कर्जदाराला परत. कमी पडलं तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जदाराच्या मागे लागू शकते. म्हणजे लिलाव झाला की त्या कुटुंबाची सुटका होते असं नाही. घर जितक्या कमी भावात जाईल तितकं त्यांच्या डोक्यावरचं उरलेलं कर्ज जास्त. बोली न येता फ्लॅट पडून राहिला तर राखीव किंमत आणखी उतरते आणि व्याज चालूच राहतं. आमची प्रत्येक वाढीव बोली त्यांच्या खात्यात जमा होणार होती. हे सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “मग पडेल भावात घ्यायचं नाही. वाजवी द्या.” स्वस्त घर शोधत असलेल्या सुनेला हा सल्ला मानवणं सोपं नव्हतं, पण आमची वरची मर्यादा आम्ही त्या बोलण्यानंतरच ठरवली, आणि आधी ठरली होती त्यापेक्षा ती लाखभरानं जास्त होती.

लिलाव डिसेंबरात झाला. आधी केवायसी, इसारा अनामत ३ लाख २४ हजार, म्हणजे राखीव किमतीच्या दहा टक्के, आरटीजीएसनं भरली. सकाळी अकराला लॉगिन. प्रत्येक बोली किमान २५ हजारांनी वाढवायची. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली तर वेळ आपोआप आणखी पाच मिनिटं वाढते. ह्यांनी सुट्टी घेतली होती, मुलीला शेजारच्या वहिनींकडे ठेवलं होतं. समोर दुसरा एकच बोलीदार होता. आम्ही २५ हजार वाढवले की तो तीन-चार मिनिटं थांबायचा आणि अगदी कडेला येऊन पुढची बोली लावायचा. माझ्या पोटात गोळा यायचा. ३३ लाख ९० हजारांवर आमची बोली लागली आणि पाच मिनिटं तो आलाच नाही. पडद्यावर वेळ संपली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, आणि ह्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “आता उद्यापर्यंत सव्वापाच लाख.”

कारण नियम तसाच आहे. बोलीच्या पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायची. आमचे पंचवीस टक्के झाले ८ लाख ४७ हजार ५००. अनामत वजा जाता ५ लाख २३ हजार ५००. ही रक्कम आम्ही आधीच जमवून ठेवली होती: ह्यांच्या पीएफमधून घरासाठी मिळणारी उचल, माझ्या बांगड्या आणि पोहेहारावर घेतलेलं सोनेतारण कर्ज, आणि दिरांनी दिलेले दीड लाख. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी परवानगीनं मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. नाही भरले तर भरलेली रक्कम जप्त. लिलावातलं घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिल्यांदा सांगते की कर्जाची बोलणी बोलीच्या आधी करा. बहुतेक बँका अशा घराला कर्ज द्यायला कां-कूं करतात. कर्ज देणाऱ्या बँकेला गहाण टाकायला कागद हवा, आणि विक्री प्रमाणपत्र, म्हणजे घर आपल्याला विकल्याचा बँकेचा कागद, पूर्ण पैसे भरल्याशिवाय मिळत नाही. आम्ही लिलाव करणाऱ्या बँकेच्याच गृहकर्ज शाखेकडे आधी जाऊन पात्रता काढून घेतली होती. तरी मूल्यांकन करणारा इंजिनिअर नाताळच्या सुट्टीवर, मग फाइल विभागीय कार्यालयात. मुदतवाढीचं पत्र मागून घेतलं आणि जानेवारीअखेर पैसे जमा झाले. किंमत पन्नास लाखांच्या आत असल्यामुळे एक टक्का टीडीएस कापण्याचा प्रश्न आला नाही.

या मधल्या काळात आणखी एक धाकधूक होती. कर्जदारानं अचानक सगळी रक्कम आणून भरली तर? २०१६ च्या दुरुस्तीनुसार लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच त्याला घर सोडवता येतं, पण तेव्हा वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी त्याचा वेगवेगळा अर्थ लावलेला होता. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. आमच्या वेळी मात्र विक्री प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मला सुखाची झोप लागली नाही.

फेब्रुवारीत प्रमाणपत्राची नोंदणी झाली. मूळ करारनामा, पावत्या, शेअर सर्टिफिकेट, सगळी फाइल बँकेनं दिली आणि पुन्हा आमच्याच कर्जापोटी ठेवून घेतली. किल्ली घेताना मी अधिकाऱ्यांना एकच विनंती केली: त्या कुटुंबाला तुमच्या फोनवरून कळवा की सामान आम्ही जपून ठेवलंय, केव्हाही न्या. त्यांनी फोन केला.

एका रविवारी ते नवरा-बायको टेम्पो घेऊन आले. सासूबाईंनी मुद्दाम यायचं म्हटलं आणि येताना थर्मासमध्ये चहा आणला. पहिली काही मिनिटं फार अवघड गेली. ते गृहस्थ दारातच उभे राहिले. भोसरीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. नोटाबंदीनंतर काम सुटत गेलं, जीएसटी आल्यावर मोठ्या कंपनीकडची बिलं अडकली. २०१७ मध्ये त्यांनी हाच फ्लॅट स्वतः विकायचा खूप प्रयत्न केला होता. “एकजण तयार होता ताई, पण त्याची बँक म्हणे आधी मूळ कागद आणा, आणि आमची बँक म्हणे आधी पैसे भरा. त्यातच तो गेला. नंतर जे आले ते कर्जापेक्षा कमी बोलले.” लिलावानंतर थोडं देणं राहिलं होतं, ते एकरकमी तडजोडीत मिटत आलंय, असंही त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी त्या वेळी माझ्याकडे बघितलं.

त्यांच्या पत्नीनं आधी शिलाई मशीनचं चाक हातानं फिरवून पाहिलं. फिरलं. “आता ब्लाऊज शिवायला घेईन,” म्हणाल्या. मग चहाचा कप खाली ठेवून त्या उठल्या आणि मला हाताला धरून घरभर फिरवलं. “बाथरूमची ओल आपल्या पाइपाची नाहीये. वरच्यांच्या मोरीचा ट्रॅप गळतो, तो बदलून घ्या, नाहीतर रंग कितीही द्या, टिकणार नाही. पाणी सकाळी साडेसहाला येतं, अर्धा तास जेमतेम. पिंप भरून ठेवा. उन्हाळ्यात टँकर लागतो, त्याचे पैसे सोसायटी वेगळे घेते. मागच्या खिडकीतनं पावसाची झड येते, तिथे पलंग लावू नका.” कुठल्याही सर्च रिपोर्टात, मूल्यांकनात नसलेली ही माहिती. तिनं ती कडवटपणा न ठेवता दिली. जाताना सासूबाईंनी तिची ओटी भरली. देव्हारा त्यांनी नेला, पिंप मात्र “राहू द्या तुम्हाला” म्हणून मागे ठेवलं.

सोसायटीशी मात्र खटके उडाले. थकबाकी आम्ही भरणारच होतो. पण नाव लावायला ‘विकास निधी’ म्हणून आणखी लाखभर मागितले. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची, म्हणजे नाव बदलताना सोसायटीनं घ्यायच्या रकमेची, कमाल मर्यादा २५ हजार आहे, तसं शासनाचं परिपत्रक २००१ पासून आहे. त्याची प्रत अर्जाला जोडून पोचपावती घेतली, आणि विषय बैठकीत मांडा म्हटलं. बैठकीत दोन-तीन जुन्या सभासदांनी आमची बाजू घेतली, विकास निधी गेला, व्याजातही थोडी सूट मिळाली. १ लाख ४० हजारांवर मिटलं. मिळकत कराचे ३८ हजार, महावितरणचे सहा. वरच्या मजल्यावरच्या काकांना ट्रॅप बदलायला राजी करायला ह्यांना बरंच गोड बोलावं लागलं, आणि खर्च अर्धा-अर्धा केला.

वास्तुशांत गुढीपाडव्याला करायची ठरली होती. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. फरशी अर्धी बसवलेली, वायरिंग उघडं, प्लंबर गावी. एकीकडे धनकवडीचं भाडं, दुसरीकडे नव्या घराचा हप्ता. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलण्याची सवलत जाहीर केली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. बऱ्याच ओळखीच्यांनी घेतली. आम्ही घेतली नाही. माझी लॅब चालू होती, पगार येत होता, आणि थांबलेल्या हप्त्यावर व्याज चढत राहतं हे धायरीच्या त्या दारावर आम्ही डोळ्यांनी वाचलेलं होतं. ज्यांचा पगारच थांबला त्यांना ती सवलत घ्यावीच लागली, त्यांची गोष्ट वेगळी. आम्ही राहायला गेलो ते दिवाळीच्या जरा आधी.

आता हिशोब, कारण लोक तोच विचारतात. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट तेव्हा ४३-४४ लाखांना सांगत होते. आमची बोली ३३ लाख ९०. म्हणजे दहा लाख वाचले, असं कुणालाही वाटेल. त्यात सोसायटी, कर आणि वीज मिळून १ लाख ८४ हजार, दुरुस्ती ३ लाख १० हजार, वकील आणि सर्च १५ हजार धरले की आकडा ३८ लाख ९९ हजारांवर जातो. मुद्रांक शुल्क आणि ३० हजारांपर्यंतची नोंदणी फी कुठलंही घर घेतलं असतं तरी लागलीच असती. सांगितलेल्या भावात घासाघीस झाली असती हे धरलं तर खरी बचत तीन-चार लाखांची, आणि तीही टाळेबंदीतलं दुहेरी ओझं न मोजता. आमच्यासारख्यांना तीन-चार लाख म्हणजे मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं, त्यामुळे मला ते थोडे वाटत नाहीत. पण दहा लाखांच्या आशेनं कुणी यात उतरणार असेल तर त्याला मी हा कागद आधी दाखवते.

आता सरकारी बँकांच्या मालमत्ता जानेवारी २०२५ पासून बँकनेट या पोर्टलवर एकत्र दिसतात, त्यामुळे पेपर चाळायची तेवढी गरज राहिलेली नाही. फोटो असतात, नकाशा असतो. दारावर काय चिकटवलंय आणि पाणी किती वाजता येतं, त्यासाठी अजूनही जावंच लागतं. माझ्या मावसबहिणीला मोशीतला एक फ्लॅट आवडलाय. प्रत्यक्ष ताबा आहे, डीआरटीत काही नाही, सोसायटीची बाकी विचारायला आम्ही दोघी येत्या शनिवारी जाणार आहोत. कर्जदाराचा फोन नंबर बँक देणार नाही, पण निरोप पोचवतील.